गाडी बघायला गेले, चौक्याचा डबा घेऊन



मागच्या महिन्यात आम्ही गाडी बघायला शोरूममध्ये गेलो. हे, मी, सासूबाई आणि लेक असे चौघं. सोबत आमचा चौक्याचा पत्र्याचा मोठा डबा होता. दारातच तिथल्या मुलाने विचारलं, "काकू, यात काय आहे?" म्हटलं, "काही नाही, रिकामा आहे. तुमच्या डिकीत बसतो का ते बघायचंय." तो हसला. यांनी मान दुसरीकडे वळवली. पण त्या दिवशी त्या डब्याने जे ठरवलं, ते तीन आठवडे मोबाईलवर व्हिडिओ बघून ठरत नव्हतं. म्हणून हा लेख.

आपल्या घरांमध्ये गाडी कशी निवडली जाते ते तुम्हाला माहीतच आहे. पुरुष मंडळी ओसरीवर बसतात. दीर, जावई, शेजारचे एखादे जाणकार. इंजिन, पिकअप, अॅव्हरेज, "रोडवर वजन कसं पडतं" अशा गप्पा होतात. चहा आपण नेऊन देतो. गाडी दारात येते तेव्हा आपण आरती घेऊन उभ्या. आणि मग पुढची दहा वर्षं त्या गाडीच्या मागच्या सीटवर, मांडीवर मूल, पायाशी पाण्याचा कॅन आणि बाजूला सासूबाईंची काठी घेऊन कोण बसतं? मला वाटतं, जी मागे बसते तिने गाडी निवडली पाहिजे. निदान नकार देण्याचा अधिकार तरी तिचा हवा.

आमची जुनी छोटी गाडी बारा वर्षांची झाली होती. ती बुटकी. गावातल्या गतिरोधकावर पोट घासल्याशिवाय एक फेरी पूर्ण होत नसे. त्यात सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली आणि त्या गाडीत बसणं म्हणजे त्यांना विहिरीत उतरल्यासारखं वाटायला लागलं. आमच्याकडे जिंतूरजवळ नेमगिरी. तुमच्यापैकी पुष्कळ जणी येऊन गेल्या असतील. तिथल्या गुहांची दारं बुटकी, वाकून, जवळजवळ बसूनच आत जावं लागतं. सासूबाई म्हणाल्या, "नेमिनाथ भगवंतांसमोर वाकते गं मी, गाडीसमोर कशाला वाकू?" झालं. उंच गाडी घ्यायची हे त्या दिवशी ठरलं.

आता उंच म्हणजे किती उंच? आपल्या मराठवाड्यात उंच गाडी म्हटली की बोलेरो नाहीतर काळी-पिवळी जीप डोळ्यांसमोर येते. तिच्यात पाय वर टाकून चढावं लागतं, तेही सासूबाईंना जमणारं नाही. हल्ली ज्यांना सगळेजण सरसकट एसयूव्ही म्हणतात, त्या नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू, क्रेटा या खरं तर क्रॉसओव्हर. बोलेरो-स्कॉर्पिओचा सांगाडा ट्रकसारखा वेगळा असतो आणि त्यावर वरचा भाग बसवलेला असतो. क्रॉसओव्हरची बांधणी साध्या कारसारखी एकसंध, फक्त उंची थोडी जास्त. सीट साधारण आपल्या कमरेच्या रेषेत येते. त्यामुळे वर चढायचं नाही आणि खाली उतरायचंही नाही, पाठ टेकवून बसायचं आणि पाय आत घ्यायचे. गुडघेदुखीच्या माणसाला यासारखं दुसरं काही नाही. दाराकडेही बघा. टाटा पंचची दारं 90 अंशांत उघडतात, म्हणजे भिंतीच्या कपाटासारखी पूर्ण. हे कुठल्या पुरुषाने ओसरीवर बोलताना मी ऐकलेलं नाही. सासूबाईंनी मात्र पहिली पसंती त्यालाच दिली.

पण मी जरा पुढे गेले. शोरूमच्या आधी आमच्या घरात एक वही उघडली गेली, ते सांगायला हवं.

तीन वर्षांपूर्वी चातुर्मासात मी परिग्रह परिमाण व्रत घेतलं. सोनं, भांडी, साड्या, जमीन, वाहनं यांची मर्यादा वहीत लिहिली. वाहनांपुढे लिहिलं होतं, "चारचाकी एक, दुचाकी एक." पैशांची मर्यादा मात्र लिहिली नव्हती. तेव्हा सुचलंच नाही. गाडीचा विषय निघाल्यावर मी ती वही काढली तर हे म्हणाले, "एकच घेणार आहोत ना? मग व्रत कुठे मोडतं?" बरोबर आहे, संख्येने मोडत नाही. पण तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची ओळख वस्तूवरून दिलेली नाही, आसक्तीवरून दिली आहे, हे आपण पाठशाळेपासून शिकतो. एक गाडी आठ लाखांचीही असते आणि वीस लाखांचीही. यांच्या मनात क्रेटा होती, कारण जालन्याच्या चुलतदिरांनी ती घेतली होती. गरज आपली आणि मोजमाप दुसऱ्याच्या अंगणातलं! मी शोरूमला जायच्या आधी वहीत एक आकडा लिहायला लावला: रस्त्यावर येईपर्यंत सगळं धरून साडेदहा लाख. त्यावर एक रुपया नाही. यांनी लिहिलं, पण तोंड वाकडं करून.

माझा अनुभव सांगते. आकडा आधी लिहिला की गाड्यांची तुलना निम्मी संपते. आकडा नसेल तर शोरूमवाले प्रत्येक पायरीला "फक्त साठ हजार जास्त" म्हणत वर चढवत नेतात, आणि साठ-साठ हजारांच्या चार पायऱ्या चढल्यावर आपण सनरूफपाशी पोचतो. परभणी जिल्ह्यात वैशाखात 43-44 अंश ऊन. छताला काच कशासाठी, मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मग आला सात सीटांचा विषय. हा आपल्या समाजात फार जिव्हाळ्याचा. "सगळे मिळून यात्रेला जाऊ." किती गोड वाटतं ऐकायला! मी गेल्या वर्षाची दिनदर्शिका काढली. दूध-किराण्याच्या नोंदींबरोबर मी गाडी कुठे गेली तेही लिहिते, सवय आहे. जिंतूर, परभणी, दवाखाना, बाजार, लेकीची परीक्षा अशा बहुतेक फेऱ्यांत माणसं दोन, तीन, फार तर चार. पाचच्या वर माणसं वर्षात तीनदाच: एकदा शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला, एकदा कचनेरला आणि एकदा लग्नाला. तीन दिवसांसाठी वर्षभर दोन जादा सीट ओढत फिरायचं? त्या तीन दिवसांना भाड्याची मोठी गाडी केली तर ड्रायव्हरही मिळतो आणि हेसुद्धा यात्रेत निवांत बसतात.

शिवाय सात सीटांचं एक गुपित आहे, ते कागदावर नीट दिसतं. तिसरी रांग उभी केली की डिकी राहत नाही. रेनॉची ट्रायबर चार मीटरच्या आत सात माणसं बसवते, तिसऱ्या रांगेच्या सीट काढून घरी ठेवता येतात, कल्पना खरंच हुशारीची आहे. पाच सीट ठेवल्या तर डिकी 625 लिटर. पण सातही सीट लावल्या की उरतात 84 लिटर. किआ कॅरेन्स त्याहून लांब, 4540 मिलीमीटर, तरी सात सीट लावून 216 लिटर. सात माणसं यात्रेला निघाली तर सात जणांचे शुद्ध वस्त्रांचे बोचके, पूजेची पेटी, डबे आणि पाणी कुठे ठेवायचं? मांडीवर. म्हणजे पुन्हा आपल्याच मांडीवर.

इथे चौक्याचा डबा कामाला आला. ज्यांना माहीत नसेल अशा नव्या सुनांसाठी सांगते. मुनिसंघाचा विहार सुरू असताना वाटेतल्या गावी आपण चौका लावतो तेव्हा शेगडी, पातेली, गाळणी, शोधलेलं धान्य, सोल्याचे कपडे, सगळं घरून न्यावं लागतं. आमचं ते सामान एका डब्यात आणि दोन पिशव्यांत मावतं. डिकीचे लिटर कंपनी सांगते, पण लिटरने डबा कळत नाही. नेक्सॉन 382 लिटर, पंच 366, ब्रेझा 328. आकडे ठीक, पण डिकीचं तोंड किती रुंद, उंबरा किती उंच, चाकाच्या कमानी आत किती आल्यात, हे डबा ठेवल्यावरच कळतं. उंबरा उंच असेल तर भरलेला डबा छातीपर्यंत उचलावा लागतो, आणि तो उचलणारी कोण हे सांगायला नकोच. तुमच्याकडे चौक्याचा डबा नसेल तर बाळाची गाडी न्या, सासऱ्यांची चाकाची खुर्ची न्या, शिलाई मशीन न्या. जे नेहमी न्यायचं ते न्या. लाजू नका. सीएनजी बघत असाल तर डिकी मुद्दाम उघडून बघा, सिलिंडर बहुतेक जागा खातो. टाटाने दोन छोटे सिलिंडर तळाशी बसवून ती अडचण बरीच कमी केली आहे, सीएनजी नेक्सॉनची डिकी 321 लिटर राहते. पण आपल्या रोजच्या वाटेवर पंप कुठे आहे ते आधी बघा.

घरी एक माप आणखी घेतलं. आमचं चारठाणा जुनं गाव, दगडी मंदिरांचं आणि बारवेचं. गल्ल्याही त्याच काळातल्या वाटाव्यात इतक्या अरुंद. लेकीने टेप घेऊन वाड्याच्या दाराचं माप काढलं. नवीन नेक्सॉनची रुंदी 1804 मिलीमीटर, ब्रेझाची 1790, पंचची 1742. हे आकडे आरसे सोडून असतात, बरं का. आरसे मिटवून, दोन्हीकडे वीतभर जागा ठेवून बसते की नाही ते घरीच मोजा. शोरूमच्या पटांगणात सगळ्याच गाड्या आत-बाहेर होतात.

पैशांबद्दल एक गोष्ट मला माहीत नव्हती आणि ती प्रत्येकीला माहीत असावी. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी बदलला. छोट्या गाड्यांवर आता 18 टक्के आहे. पण छोटी गाडी कुणाला म्हणायचं? लांबी चार मीटरच्या आत हवी, आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीच्या आत, डिझेल असेल तर 1500 सीसीच्या आत. दोन्ही अटी एकदम. एक जरी मोडली तरी कर 40 टक्के. आता गंमत बघा. नेक्सॉन आणि ब्रेझा दोन्हींची लांबी सारखीच, 3995 मिलीमीटर. पण पेट्रोल नेक्सॉनचं इंजिन 1199 सीसी आणि ब्रेझाचं 1462. एकीवर 18, दुसरीवर 40. ब्रेझाचं मोठं इंजिन टर्बोशिवायचं, साधं, शांत चालणारं आहे आणि पुष्कळांना तेच आवडतं, त्यात गैर काही नाही. पण किंमत का वेगळी हे कळून निर्णय घ्यावा. क्रेटा 4330 मिलीमीटर, म्हणजे तीही 40 मध्ये. यांची क्रेटा वहीतल्या आकड्याने आधीच बाहेर काढली होती, या हिशेबाने तिच्यामागे दार लावलं.

डिझेलचाही हिशेब केला, कारण आपल्याकडे "डिझेल स्वस्त पडतं" हे वाक्य पिढ्यानपिढ्या चालत आलंय. आणि परभणीच्या पेट्रोलची ख्याती तर तुम्हाला ठाऊकच. 2018 मध्ये आणि पुन्हा 2021 मध्ये सगळ्यात महाग पेट्रोल म्हणून आपल्या परभणीचं नाव टीव्हीवर झळकलं होतं. मनमाडजवळच्या डेपोतून टँकर इथवर येतो, त्याचं भाडं आपल्या टाकीत उतरतं. तरीसुद्धा हिशेब असा निघाला. आमची गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटरच्या आसपास फिरते. पेट्रोल 105 रुपये आणि लिटरला 15 किलोमीटर धरले तर किलोमीटरला 7 रुपये. डिझेल 92 आणि 19 किलोमीटर धरले तर 4 रुपये 84 पैसे. वर्षाला वाचले सतरा हजार. डिझेल गाडी लाख-सव्वा लाखाने महाग, शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला रस्ता कर 11 टक्के आणि डिझेलला 13. जादा दिलेले पैसे वसूल व्हायलाच कित्येक वर्षं. रोज परभणीला ये-जा असेल तर गणित उलटेल. आमची नाही.

कर्जाचं थोडक्यात. सहा लाख, नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता 12,455 आणि एकूण व्याज 1,47,000 च्या घरात. सात वर्षं केली तर हप्ता 9,653 वर येतो, छान वाटतं, पण व्याज होतं 2,10,000 च्या वर. त्या तिथल्या टेबलावर सात वर्षांचाच कागद आधी पुढे आला. का, ते समजलं असेलच.

आता जे सगळ्यात महत्त्वाचं, त्याबद्दल. यावर मी घरात आवाज चढवला, एरवी चढवत नाही.

चार वर्षांपूर्वी मंठ्याच्या रस्त्यावर आमच्या नात्यातल्या एका गाडीला अचानक ब्रेक लागला. समोर म्हैस आली होती. भाचा तेव्हा अडीच वर्षांचा, पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर. कपाळ डॅशबोर्डवर आदळलं, सहा टाके पडले. वेग फार नव्हता. आम्ही सगळ्यांनी म्हैशीला बोल लावले. खरं तर बोल आम्हा बायकांनाच लावायला हवेत, कारण मूल मांडीवर घेऊन पुढे बसणं आम्हाला प्रेमाचं वाटतं. आईच्या हातांची मिठी अशा वेळी टिकत नाही. मूल आपल्या पुढे जातं आणि आपण मागून त्याच्यावर. समोर एअरबॅग उघडली तर आणखी वाईट. कायद्यानेही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट नसेल तर हजार रुपये दंड आहे, पण दंडासाठी का म्हणून करायचं?

म्हणून गाडीचे तारे बघताना दोन आकडे बघा. आपल्या देशात 2023 च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप ही धडक चाचणी सुरू आहे. त्यात मोठ्यांसाठी 32 गुण आणि मुलांसाठी वेगळे 49 गुण असतात. मुलांच्या चाचणीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाच्या मापाच्या बाहुल्या त्यांच्या खास सीटमध्ये बांधून बसवतात. 2024 च्या चाचणीत नेक्सॉनला मोठ्यांसाठी 29.41 आणि मुलांसाठी 43.83, एक्सयूव्ही थ्रीएक्सओला 29.36 आणि 43. दोघींना पाच तारे. इतक्या जवळ असलेल्या आकड्यांवरून भांडू नका. पण जुन्या ताऱ्यावर नवी गाडी घेऊ नका. ब्रेझाच्या आधीच्या पिढीला 2018 मध्ये ग्लोबल एनकॅपकडून चार तारे मिळाले होते, 2022 मध्ये आलेली ब्रेझा त्यानंतरची. कुठल्या साली, कुठल्या गाडीला, हे विचारा. आणि ते सगळे गुण पट्टे लावलेल्या बाहुल्यांचे आहेत हे लक्षात ठेवा. 2022 च्या सप्टेंबरमध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. गाडी उत्तम, महाग. मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता. पट्ट्याने साडी चुरगळते असं सासूबाई म्हणायच्या. मी म्हटलं, चुरगळू दे, इस्त्री मी करीन.

अहिंसेच्या बाजूनेही दोन प्रश्न होते. पहिला चामड्याचा. "लेदर सीट" म्हणून जे दाखवतात ते या किमतीत बहुधा कृत्रिमच, लेदरेट. पण काही मॉडेलांत सीट कापडी आणि स्टिअरिंगवरचं किंवा गिअरच्या दांड्यावरचं वेष्टन मात्र खऱ्या चामड्याचं असू शकतं. हात रोज तिथेच लागतो. विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर राहू नका, त्या नेमक्या मॉडेलबद्दल कंपनीकडून लिहून मागा. आम्ही मागितलं, आठ दिवसांनी ईमेल आला, काम झालं. मधल्या मॉडेलमध्ये साधं कापड असतं, ते उन्हाळ्यात भाजतही नाही.

दुसरा प्रश्न अवघड, आणि तो माझ्या आत्याबाईंनी विचारला. "एवढ्या लांब-लांब फिरायला गाडी घेता, पावसाळ्यात रात्री काचेवर किती जीव मरतात ते कधी पुसलंय का?" पुसलंय, मीच पुसते. आत्याबाईंचं म्हणणं असं, की मुनी अनवाणी पायी चार हात जमीन बघत चालतात आणि त्यांच्या दर्शनाला आपण ताशी ऐंशीने जातो, मग त्यात सुरक्षिततेचे तारे मोजतो. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या बाईला बैलगाडीत बसवा असं आत्याबाईही म्हणणार नाहीत. पण त्यांच्या बोलण्याने एक झालं. वहीत गाडीच्या आकड्याखाली आणखी दोन ओळी वाढल्या: चातुर्मासात दवाखान्याशिवाय सूर्यास्तानंतर गाडी काढायची नाही, आणि वर्षाला दहा हजार किलोमीटरची मर्यादा. दिग्व्रत पूर्वजांनी दिशा आणि अंतर बांधून घेण्यासाठीच सांगितलं ना? आता गाडीतच किलोमीटर मोजणारं यंत्र असतं. रात्री निघायचं नाही म्हटल्यावर सूर्यास्ताआधीच्या जेवणाचीही धावपळ आपोआप थांबते, हा जादा फायदा.

आणि एक. पहाटे संघाचा विहार रस्त्याने चालू असतो तेव्हा श्रावकांची एखादी गाडी मागे दिवे लुकलुकत हळूहळू चालते, ट्रकवाल्यांना दुरून कळावं म्हणून. ते काम आमच्या जुन्या गाडीने पुष्कळ केलंय. नव्या गाडीनेही करायचं आहे. म्हणून धोक्याच्या दिव्याचं बटण अंधारात हाताला सापडतं का, हेही मी तपासलं. तिथला मुलगा म्हणाला, "काकू, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

शेवटी काय घेतलं ते विचाराल. नेक्सॉन, पेट्रोल, हाताच्या गिअरची, मधलं मॉडेल, कापडी सीट, पांढरी. सासूबाईंची पंच हुकली, त्याचं थोडं वाईट वाटलं. पण मागे तिघी बसायच्या होत्या, सासूबाई, लेक आणि नणंद आली की नणंद, आणि तिघींना बसवून बघितल्यावर सासूबाई स्वतःच म्हणाल्या, "ही घ्या, मला काठी ठेवायला जागा आहे." वाड्याच्या दारातून जाते, आरसे मिटवून. जबरदस्तीने गळ्यात मारलेलं "अॅक्सेसरी पॅकेज" मी कागदावरून खोडायला लावलं, त्यासाठी दोन तास बसावं लागलं. विमाही बाहेर चौकशी करून घेतला. सगळं धरून वहीतल्या आकड्याच्या अकरा हजार आत बसलो. ते अकरा हजार आहारदानाच्या खात्यात टाकायचे की टायरसाठी ठेवायचे, यावर घरात अजून एकमत नाही.

गाडी माझ्या नावावर आहे. लायसन्स मी बेचाळीसाव्या वर्षी काढलं, मागच्या दिवाळीनंतर. अजून जिंतूरपर्यंतच चालवते आणि हे शेजारी बसून पायाने हवेत ब्रेक दाबत असतात.

डबा परत माळ्यावर गेला. त्याच्या झाकणावर लेकीने पांढऱ्या खडूने लिहून ठेवलंय, "आडवा बसतो, उभा नाही."